मफिन पैलवानाचे वस्ताद

हिंदूराव वस्तादांच्या घरी कुत्र्याला उताणं झोपायची बंदी होती. कुशीवर झोपावं, पोटावर झोपावं, बसल्या बसल्या डुलक्या काढाव्यात, कशाला हरकत नव्हती. पण चारी पाय आभाळाकडे करून कुत्रं जमिनीवर लोळलं, की घरातून डरकाळी यायची, "पाठ लागली! पाठ लागली! ऊठ मर्दा!" त्या डरकाळीनं कुत्रं उठायचं की नाही ते सोडा, शेजारच्या घरात दुपारची झोप घेत पडलेला मी मात्र ताडकन उठून बसायचो.

कारण अगदी सरळ होतं. कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. वस्तादांनी उभा जन्म आपल्या गावी, कुंडलच्या तालमीत पोरांना हे एकच सांगितलं, काय वाटेल ते होऊ दे, पाठ लावून घेऊ नकोस. आता ज्या वयात माणसं तत्त्वं गुंडाळून ठेवतात त्या वयात ते हे तत्त्व एका कुत्र्याला शिकवत होते. मी एकदा म्हणालो, "अहो वस्ताद, कुत्र्याला पोट खाजवून घ्यायला आवडतं, त्यात हार-जीत कसली?" तर म्हणाले, "सर, सवय ती सवय. आज घरात लावली, उद्या मैदानात लावंल."

मी भूगोलाचा मास्तर. निवृत्त झाल्यावर सांगलीच्या विश्रामबागेत घर घेतलं ते निम्मं नावाला भुलून. विश्राम मिळेल असं वाटलं होतं, आणि पाच-सहा वर्षं मिळालाही. वस्ताद शेजारी राहायला आले तेव्हासुद्धा त्यात खंड पडला नाही. माणूस दारात उभा राहिला तर घरातला उजेड कमी व्हावा असा देह, पण तोंडानं अगदी कंजूष. "काय सर, बरं?" एवढं ते विचारायचे, "बरं," एवढं मी सांगायचो, की दोघं आपापल्या फाटकातून आत. कुस्ती खेळून खेळून त्यांचे दोन्ही कान मोडलेले, भज्यासारखे गोळा झालेले. त्या कानांवर चष्म्याच्या काड्या ठरत नाहीत, म्हणून मागून दोरी बांधलेली. त्या दोरीमुळे ते लांबून कुठल्याशा कारखान्यातले कारागीर वाटायचे.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा विजय पुण्यात नोकरीला. हे घर त्यानंच बांधलं, आणि वास्तुशांत होते न होते तोवर त्याची बदली झाली. कुंडलच्या तालमीचं तिथल्या पोरांनी जिम केलं होतं. वस्ताद एकदा बघायला म्हणून गेले आणि तासाभरात परत आले. "आरसं लावल्यात भितीला," ते मला फाटकातून म्हणाले. "सोताकडंच बघत्यात आन् दंड फुगवत्यात. समोर मानूस नको का?" चार वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यात मोठं भाषण.

मग मफिन आला आणि आमच्या गल्लीची शांतता कायमची गेली.

मफिन हे कुत्र्याचं नाव. बाप लॅब्रॅडॉर आणि आई महापालिकेची. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, कान लोंबते आणि शेपटी अशी चालायची की टेबलावरचा कप सुरक्षित नाही. विजयच्या मुलीनं, अन्वीनं, पुण्यात तो पाळला होता. तिथं अकराव्या मजल्यावर मावेना एवढा त्याचा उत्साह. सोसायटीच्या गणपतीपुढचे मोदक त्यानं पळवले, एका काकांची योगासनांची चटई फाडली, आणि शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांना लिफ्टमध्ये असा काही प्रेमानं भेटला, की अध्यक्ष जे खाली बसले ते मजला आला तरी उठेनात. दुसऱ्या दिवशी सोसायटीनं सांगितलं, कुत्रा सांगितलेलं ऐकतो असं दाखवा, नाहीतर आणू नका. विजयनं विचार केला, आपल्याला शिस्त कुणी लावली? आबांनी. तर कुत्र्यालाही तेच लावतील. आणि मफिन सांगलीत आला.

"आवं सर, जरा हिकडं या," वस्तादांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला हाक मारली. कुत्रं त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरून मागं ओढत होतं. "ह्येचं नाव मफिन. बेकरीतलं काय आसतंय म्हनं."

"मग बदला की नाव."

"नातीनं ठिवलंय. बदलायचा मला काय हक्क? फुडं निस्तं पैलवान लावायचं. मफिन पैलवान." आणि सोगा सोडवत कौतुकानं म्हणाले, "दम हाय बगा. डाव न्हाई."

वस्तादांकडे साऱ्या जगाला मोजायची ही दोनच मापं. दम आणि डाव. माणूस, जनावर, सरकार, भाजी, सगळं यात बसायचं. माझ्या बायकोनं दिलेली पुरणपोळी खाऊन ते म्हणाले होते, "वयनींच्या पोळीत डाव हाय, पन दम न्हाई, जरा तूप वाढवा." माझ्याबद्दल एकदा विचारलं, तर बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी मानूस चांगलं हाय."

कुत्र्याला शिकवायचं कसं, हे मात्र वस्तादांना कळेना. मग आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर केतकी मॅडम यांच्याकडे त्याला नेलं. मॅडम वयानं लहान, हसतमुख आणि धीराच्या. त्या दर रविवारी एका मोकळ्या मैदानावर कुत्र्यांचा वर्ग घेतात. अ‍ॅजिलिटी ट्रेनिंग म्हणतात त्याला. म्हणजे कुत्र्यानं आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या, टांगलेल्या टायरमधून पार व्हायचं, बोगद्यातून पळायचं, उभ्या काठ्यांमधून नागमोडी जायचं, सी-सॉवर चढून उतरायचं. आणि हे सारं मालकाच्या हाकेवर, गळ्यात पट्टा नसताना. आमच्या काळी हे सगळं कुत्री आपणहून करायची आणि लोक त्यांना दगड मारायचे. पण ते असो.

मॅडमनी मफिनला तपासून सांगितलं, "हा खोडकर नाही, याला काम हवंय. दिवाळीच्या सुट्टीत वर्गाचा छोटासा कार्यक्रम आहे. त्या दिवशी यानं सगळा फेरा हाकेत राहून पुरा केला, तर पुण्यातच काय, हा कुठंही राहू शकेल. तिथल्या सोसायटीला मी स्वतः फोन करून सांगेन."

झालं. विजयला कळवलं, अन्वीला कळवलं. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. वस्ताद फोन कुत्र्याच्या तोंडासमोर धरायचे. ती तिकडून "मफिन, मफिन" करायची, हा इकडून फोनच्या मागं जाऊन बघायचा, तिथं ती नसायची, मग परत पुढं यायचा. रोजचा हा खेळ, आणि रोज शेवटी तिकडून हुंदका. फोन ठेवल्यावर वस्ताद चष्मा पुसत बसायचे. दोरी सोडून, पुसून, परत बांधायला त्यांना बराच वेळ लागायचा.

वर्गात पहिल्याच दिवशी वस्तादांचं आणि मॅडमचं वाजलं. मॅडम प्रत्येक उडीनंतर कुत्र्याला बिस्किटाचा तुकडा द्यायच्या. वस्तादांना हे बघवेना.

"बाई, कुस्ती व्हायच्या आदीच नारळ?"

"बक्षीस मिळालं की त्याला आनंद होतो, वस्ताद. आनंदानं तो शिकतो."

"तालमीत आनंद कसला? तालमीत घाम. आन् गड्या, तू अंग चोरायचं न्हाई!" हे शेवटचं मफिनला. अंग चोरायचं न्हाई, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कुत्र्याला, दूधवाल्याला, आणि मी सकाळी फाटकाशी रेंगाळलो तर मलाही ते ऐकावं लागायचं.

एवढं बोलून घरी आल्यावर त्यांच्या बंडीच्या खिशातून भाजलेले शेंगदाणे कुत्र्याच्या तोंडात जाताना मी खिडकीतून बघितले आहेत. मी दिसलो की हात खिशात आणि नजर आभाळाकडे.

आठवड्यातून एक दिवस वर्ग वस्तादांना पुरेना. आमच्या दोन घरांच्या मधे एक रिकामा प्लॉट आहे. तिथं त्यांनी स्वतःचा आखाडा काढायचं ठरवलं. टेम्पो करून कुंडलहून तांबडी माती आणली. "कडक जमिनीवर उडी मारून पोराचं गुडघं जातील," म्हणाले. इथवर ठीक होतं. पण तालमीची माती नुसती पसरत नाहीत. ती मऊ राहावी, अंगाला बाधू नये म्हणून तिच्यात हळद, तेल, लिंबू आणि ताक कालवतात. वस्तादांनी ते सगळं यथासांग केलं. सांगलीत हळदीला काय तोटा! दुसऱ्या दिवशी पहाटे शड्डू ठोकून पठ्ठ्याला मातीत सोडला, तर पठ्ठ्या जागचा हलेना. उडी नाही, पळणं नाही. मान खाली घालून सगळा आखाडा चाटत बसला. ताक मुरलेली माती त्याला असली गोड लागली, की वस्तादांनी उचलून बाहेर ठेवावं आणि त्यानं परत आत शिरावं. अंगभर हळद माखलेला तो कुत्रा संध्याकाळी आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा माझी बायको म्हणाली, "अगं बाई, याचं लग्न ठरलं की काय?"

मग काठ्या. नागमोडी जायला काठ्या उभ्या रोवाव्या लागतात. मॅडमकडे प्लास्टिकच्या आहेत. वस्तादांनी कुंडलच्या पुतण्याकडून चांगले सरळ ऊस मागवून रोवले. मफिननं एका बाजूनं सुरुवात केली, पण नागमोडी जायला नाही. सकाळी बघतो तर रांगेनं नुसते बुडखे. मला वाटलं आता त्याची धडगत नाही. वस्ताद कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ऊस गोड निघाला, त्यात त्येची काय चूक?"

बोगद्याची गोष्ट तर आमच्या गल्लीत अजून सांगतात. तळ काढलेली दोन प्लास्टिकची पिंपं जोडून वस्तादांनी बोगदा केला. मफिनला तो इतका आवडला, की ऐन उन्हात तो आत जाऊन गार सावलीत पसरायचा आणि बाहेर यायचंच नाव घ्यायचा नाही. एका दुपारी वस्ताद त्याला रागवायला म्हणून डोकं आत घालून बसले. मग एक हात घातला, मग एक खांदा. मैदान गाजवलेला खांदा तो. आत गेला तो गेला. मला हाक ऐकू आली ती थेट विहिरीतून आल्यासारखी, "सर... ओ सर..." मी, माझी बायको आणि तिकडून जाणारा गॅस सिलिंडरवाला, अशा तिघांनी पाय धरून ओढलं. आतून मफिन त्यांचं तोंड चाटत होता आणि वस्ताद ओरडत होते, "चाटू नगंस रं, चष्मा! चष्मा!" बाहेर आल्यावर अंगावरची माती झटकत त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि सिलिंडरवाल्याला म्हणाले, "पकड चांगली हाय तुजी."

चौथा घोटाळा खुराकाचा. पैलवान म्हटल्यावर बदामाची थंडाई आलीच. वस्ताद स्वतः पाट्यावर बदाम वाटायचे, दोन भांडी भरायचे, एक स्वतःला, एक मफिनला. थोड्याच दिवसांत पठ्ठ्या असा सुटला की टायरमधून निम्मा पार व्हायचा आणि निम्मा मागं राहायचा. मॅडम खूप रागावल्या. म्हणाल्या, कुत्र्याचं पोट आहे ते, माणसाचं नाही. त्या दिवसापासून मफिनची थंडाई बंद झाली, आणि मी बघितलं, वस्तादांचीही झाली. विचारलं तर म्हणाले, "त्यो समूर बसून बगतोय वो. येकट्याला घशाखाली जात न्हाई."

पण हळूहळू कुत्रं तयार झालं. हे कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मॅडमची बिस्किटं, वस्तादांचा शड्डू आणि त्या कुत्र्याची आपली हौस, सगळं कुठंतरी जुळलं. वस्तादांनीही मॅडमचं बरंच ऐकायला सुरुवात केली. आखाड्यातली हळद गेली, उसाच्या जागी प्लास्टिकच्या काठ्या आल्या, शेंगदाणे उघड द्यायला लागले. पहाटे मांडीवर थाप पडली की मफिन तीरासारखा सुटायचा. दांडीवरून वर, टायरमधून पार, काठ्यांमधून पाणी वळावं तसा वळत, आणि फेरा संपला की वस्तादांच्या पायाशी येऊन बसायचा. मला कुत्र्यांची भीती वाटते. तरी मी रोज खिडकीशी उभा राहून बघायला लागलो, मग ओट्यावर, मग प्लॉटच्या कडेला खुर्ची टाकून. वस्ताद मला सगळं समजावून सांगायचे. चार वर्षं "बरं?" "बरं" करणारा हा माणूस आता तासन्‌तास बोलायचा. तालमीतल्या गोष्टी, गेलेल्या बायकोच्या हातच्या भाकरीच्या गोष्टी. आणि बोलताना एक हात कायम त्या कुत्र्याच्या मानेवर.

दिवाळी जवळ आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस रोज पहाटे उठून करत काय होता? कुत्रं जितकं तयार होईल, तितकं ते पुण्याला जाणार. कार्यक्रम नीट पार पडला की मफिन गेला, आणि शेजारच्या घरात पुन्हा वस्ताद एकटे. मला राहवेना.

"वस्ताद, एक सुचवू का? त्या दिवशी तुम्ही नुसतं गप्प राहायचं. मधेच हाक मारायची नाही. तो जाईल इकडंतिकडं भटकत. मॅडम म्हणतील, अजून तयार नाही. मग राहील इथंच तुमच्याजवळ. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला खुर्ची थोडी मागं घ्यावीशी वाटली.

"म्हंजी नुरा कुस्ती करू?"

दोन पैलवान आधीच आपसात ठरवून खोटीखोटी लढतात, तिला नुरा म्हणतात. तालमीत याहून वाईट शिवी नाही.

"सर, तुमी कवा पेपर फोडला हुता का पोरांस्नी?"

"छे! कधीच नाही."

"मग मला कशापायी सांगता?" मग आवाज खाली आला. "धा वर्साची हाय ती. रोज रडतीय फोनवर. तिनं रडायचं आन् म्या हितं कुत्रं खेळवत बसायचं, ह्यो कुठला न्याव?"

"मग तुम्ही पण जा पुण्याला. विजय तर कधीचा बोलावतोय."

"जाऊन आलोय की. अकराव्या मजल्यावर पाय टेकत न्हाईत माजं." ते उठले. "आन् तुमी सर, आसलं फुना बोलू नगा."

त्यानंतर कार्यक्रमापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. पहाटेचा शड्डू मात्र पूर्वीपेक्षा जोरात वाजायला लागला, आणि तो मला उद्देशून आहे हे मला कळत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी आणि बायको मैदानावर गेलो. पोमेरेनियन, जर्मन शेफर्ड, एक अंगरखा घातलेलं पग, असे सगळे खेळाडू हजर. विजय आणि अन्वी पुण्याहून थेट तिथंच येणार होते. वस्ताद आले ते डोक्याला फेटा, अंगात कडक सदरा, आणि मागं कुंडलचा हलगीवाला. मैदान म्हटल्यावर हलगी नको? हलगीवर पहिली टिपरी पडली मात्र, जर्मन शेफर्ड मालकाच्या गाडीखाली शिरला, पग अंगरख्यासकट बोगद्यात गेलं, पोमेरेनियन एका बाईंच्या पर्समध्ये तोंड खुपसून बसलं. मफिन तेवढा छाती काढून उभा. मॅडम धावत आल्या, हात जोडले, तेव्हा वस्तादांनी नाइलाजानं हलगी थांबवली. "काय पैलवान आनल्यात ह्येनी," एवढं मात्र पुटपुटले.

मफिनची पाळी आली. वस्तादांनी पट्टा सोडला, मांडीवर थाप मारली, आणि तो सुटला. दांड्या, टायर, बोगदा. कुठं अडखळला नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले. काठ्यांपर्यंत आला, निम्म्या काठ्या झाल्या, आणि तेवढ्यात फाटकातून विजय आणि अन्वी आत आले.

मफिन थांबला. मान वर केली, हवेत वास घेतला. इतके महिने फोनच्या मागं जाऊन जिला तो शोधत होता, ती समोर उभी होती. शेपटी एकदा हलली. तो तिच्याकडे पळाला असता तर फेरा फसला असता. मॅडमनी सोसायटीला फोन केला नसता. आणि वस्तादांना त्यासाठी काहीच करायचं नव्हतं, नुसतं दोन क्षण गप्प राहायचं होतं. मी देवाला सांगत होतो, यांना गप्प ठेव. ओरडू देऊ नकोस. कुणी यांना नुरा म्हणणार नाही.

"मफिन!" अख्खं मैदान दणाणलं. "अंग चोरायचं न्हाई!"

कुत्र्यानं एकदा अन्वीकडं बघितलं, एकदा वस्तादांकडं. मग वळला, उरलेल्या काठ्या केल्या, सी-सॉवर चढला, उतरला, शेवटची दांडी ओलांडली आणि वस्तादांच्या पायाशी येऊन बसला. वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मान हलवून परवानगी दिली, तेव्हा कुठं तो अन्वीकडं असा धावला की दोघं मिळून मैदानात लोळले. पाठी लागल्या, पण त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. मॅडम डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. मीही टाळ्या वाजवायला लागलो आणि मधेच थांबलो.

जेवणं आटोपल्यावर विजयची गाडी फाटकाशी लागली. सामान चढलं. अन्वी मागच्या सीटवर बसली, तिनं हाक मारली, मफिन उडी मारून आत. विजय दार लावणार तोच मफिननं बाहेर बघितलं. वस्ताद फाटकाशी उभे होते. तो टुणकन खाली उतरला आणि त्यांच्यापाशी येऊन बसला. विजयनं परत चढवलं, तो परत उतरला. अन्वीनं बिस्किट दाखवलं. बिस्किट खाऊन उतरला. मॅडमनी शिकवलेल्या सगळ्या खुणा करून झाल्या. त्याला दोघंही हवी होती, अन्वीही आणि वस्तादही, आणि एकाला मागं ठेवून निघायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. अन्वी रडवेली झाली. "आजोबा, तो येत नाहीये."

वस्ताद चालत गाडीपाशी गेले, वाकले, आणि एवढा देह घेऊन मागच्या सीटवर अन्वीशेजारी जाऊन बसले. मफिननं एक उडी मारली ती थेट त्यांच्या मांडीत. त्याला कोण आनंद! सगळे निघालो एकदाचे, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. वस्तादांनी त्याला दोन्ही हातांनी कुरवाळलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मग अन्वीला त्याचा गळपट्टा घट्ट धरायला लावला, पलीकडचं दार उघडलं, अलगद बाहेर सरकले आणि दार लावून घेतलं. "चल विजू," ते काचेवर थाप मारून म्हणाले. गाडी निघाली. मागच्या काचेला मफिनचं नाक लागलं होतं. गल्लीचं वळण येईपर्यंत भुंकणं ऐकू येत होतं.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. आमचं भांडण होतं, पण ते दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"मी बसलो म्हून चढला त्यो, सर," वस्ताद रस्त्याकडं बघत म्हणाले. "आजोबा संगं येतुया, आसं वाटलं त्येला."

"हो."

"आता गाडीत हुडकत आसंल मला. हायवे लागंस्तवर, पेठनाक्यापतोर तर हुडकंल. न्हाई?"

ते आपल्या फाटकाकडं वळले, कडीला हात घातला आणि तसेच थांबले. या माणसानं कुणाला घाबरल्याचं मी कधी ऐकलेलं नव्हतं.

"घरात जायाला भ्या वाटतंय, सर. तुमच्याकडं बसू का जरा?"

आमच्या ओट्यावर बसून हिंदूराव वस्ताद रडले. तोंड लपवलं नाही, की डोळ्यांत काही गेल्याचं सोंग केलं नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि लहान पोरासारखे रडले. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. तिनं दुसरा आणला. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. मला त्यांचं फार वाईट वाटत होतं.

बऱ्याच वेळानं मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "आता पेठनाका मागं पडला असेल."

"व्हय," वस्ताद म्हणाले. त्यांनी चहाचा कप उचलला. "आता झोपला आसंल त्यो, पोरीच्या मांडीवर."